उपमा, रूपक आणि त्यांचें गणगोत

नभोवाणीच्या कार्यक्रमांत ‘संगीत रूपक’ असे शब्द कानीं पडले कीं घरांतील शाळकरी मुलगा सहज विचारतो, “हें रूपक म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकांतलें तेंच का?” वडील बहुधा “तें निराळें” एवढेंच सांगून पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घालतात. परंतु प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. तबलजीच्या तोंडीं रूपक म्हणजे सात मात्रांचा ताल. जुन्या संस्कृत ग्रंथांत रूपक नांवाचें नाणें भेटतें. दहाव्या शतकांत धनंजयानें ‘दशरूपक’ लिहिलें तें नाटकाच्या दहा प्रकारांविषयीं. तेथें रूपक म्हणजे रंगभूमीवर करून दाखवावयाचें काव्य, कारण नटावर रामाचें किंवा दुष्यंताचें रूप चढविलेलें असतें. आणि शाळेच्या पुस्तकांतलें रूपक म्हणजे मुखाला चंद्र म्हणणें. ताल आणि नाणें बाजूला ठेवलें तर उरलेलीं दोन सख्खीं भावंडें आहेत. एकावर दुसऱ्याचें रूप चढविणें हीच दोहोंची क्रिया. नाटकांत तें नटावर चढतें, कवितेंत शब्दावर. नभोवाणीवरील रूपकांत तर नट दिसतही नाहीं, केवळ आवाजावर रूप चढतें. तेव्हां मुलाची शंका फारशी चुकीची नव्हती.

या मुलाला शाळेंत अलंकार शिकविले जातात ते मात्र खुणेच्या शब्दांवरून. वाक्यांत ‘सारखा’, ‘समान’, ‘परी’, ‘जसा’ यांपैकीं कांहीं आढळलें कीं उपमा. ‘जणू’, ‘भासे’, ‘गमे’, ‘वाटे’ आढळलें कीं उत्प्रेक्षा. ‘नव्हे’ दिसलें कीं अपन्हुति. आणि यांतील कांहींच हातीं लागलें नाहीं तर रूपक. ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाला ही युक्ति पुष्कळदां लागू पडते आणि गुणही मिळतात. कवितेकडे न पाहतां तिच्याविषयीं अचूक उत्तर लिहितां येतें, हाच त्या युक्तीचा मोठा दोष आहे. “त्याच्यासारखा धाकटाही उपाशीच निजला” या वाक्यांत ‘सारखा’ आहे, पण उपमा नाहीं. “आज पाऊस येईल असें वाटतें” यांत ‘वाटतें’ आहे, पण उत्प्रेक्षा कोठें आहे? न्यायशास्त्रांत रानांतील गवय नांवाचा पशु गायीसारखा असतो, हें उपमानाचें ठराविक उदाहरण आहे. त्यावरून गवय ओळखतां येतो. काव्य होत नाहीं. म्हणूनच सतराव्या शतकांत, शहाजहानच्या दरबारीं मान पावलेल्या पंडितराज जगन्नाथानें ‘रसगंगाधरां’त अट घातली कीं साम्य नुसतें असून भागत नाहीं, तें सुंदर असावें आणि वाक्याच्या अर्थाला खुलविणारें असावें. याच पंडितरायांनीं आपल्या ग्रंथांत दुसऱ्या कवींचीं उदाहरणें न घेतां स्वतःच रचलेलीं दिलीं, हा त्यांच्या मानी स्वभावाचा एक नमुना.

उपमेचें सर्वांत जुनें लक्षण काव्यशास्त्राच्या ग्रंथांत नाहीं. तें निरुक्तांत आहे. वेदांतील उपमावाचक शब्दांचा विचार करतांना यास्कानें गार्ग्य नांवाच्या आचार्याचें मत नोंदविलें आहे. त्याचा भावार्थ असा कीं, जें तें नव्हे, परंतु त्यासारखें आहे, तेथें उपमा होते. या लक्षणांत ‘तें नव्हे’ हें आधीं आलें आहे, इकडे लक्ष द्यावें. उपमेला साम्य लागतें हें कोणीही सांगेल. पण तिला भेदही तितकाच लागतो. अकराव्या शतकांत मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त उपमेचें लक्षण केलें तेव्हां त्यानेंही भेदाची अट स्पष्ट घातली. उपमान हा शब्द तर पाणिनीच्या सूत्रांत समासांच्या प्रकरणीं आधींच येऊन गेला आहे. म्हणजे ही परिभाषा प्रथम वापरली ती वैयाकरणांनीं आणि निरुक्तकारांनीं, आणि तीही वाक्याचा अर्थ नक्की काय होतो हें ठरविण्यासाठीं. अलंकार या शब्दामुळें दागिन्यांची पेटी डोळ्यांपुढें येते, आणि नांवें पाठ करणाऱ्याला आपण दागिने मोजीत आहों असें वाटतें. वास्तविक दोन वस्तु मनानें किती जवळ आणल्या, त्यांच्यामध्यें अंतर किती उरलें, हें मोजण्याचीं हीं मापें आहेत.

मापांची संख्या मात्र वाढत गेली, हें खरें. भरताच्या नाट्यशास्त्रांत अलंकार चारच: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. मम्मटापर्यंत नुसते अर्थालंकारच ६१ झाले. पुढें जयदेवाच्या ‘चंद्रालोकां’त ते शंभराच्या घरांत गेले (हा जयदेव गीतगोविंदकार नव्हे) आणि त्याच्याच आधारें सोळाव्या शतकांत अप्पय्य दीक्षितांनीं रचलेल्या ‘कुवलयानंदां’त शंभराच्याही पलीकडे. इतके अलंकार ऐकून सामान्य वाचक दचकतो. पण याच दीक्षितांनीं ‘चित्रमीमांसे’त उपमेला एका नटीची उपमा दिली आहे, काव्याच्या रंगभूमीवर ती एकटीच नाना भूमिका घेऊन नाचते, असा त्यांचा आशय आहे. मोजणाऱ्यांतील अग्रणीनेंच मूळ एक असल्याचें सांगावें, यानें दचकलेल्या वाचकाला धीर यावयास हरकत नाहीं.

या नटीच्या भूमिका पाहण्यासाठीं एक घरगुती उदाहरण घ्यावें. मुख आणि चंद्र हें जोडपें शास्त्रकारांनीं इतकें झिजविलें आहे कीं आतां त्यांत ना मुख दिसत, ना चंद्र. त्यांच्याऐवजीं एका घरांतील वृद्ध आजी आणि तिच्या देवघरांतील पितळी समई हीं दोन असोत.

“आजी समईसारखी शांत आहे.” ही पूर्णोपमा. आजी उपमेय, समई उपमान, शांतपणा हा दोघींचा साधारण धर्म, आणि ‘सारखी’ हा साम्यवाचक शब्द. चारही अंगें उघडीं आहेत. असें बोलणारा मनुष्य पूर्ण सावध असतो. आजी ही आजी आहे, समई ही समई आहे, हें तो क्षणभरही विसरलेला नाहीं. समईपासून त्यानें एकच गुण उसना घेतला आणि बाकीची समई जागच्या जागीं ठेवली.

आतां एक शब्द काढून टाकला कीं काय होतें तें पाहावें: “आजी समईसारखी आहे.” ही लुप्तोपमा. परीक्षेंत हिला ‘साधारण धर्माचा लोप’ एवढें लिहिलें कीं काम संपतें. वाचकाचें काम मात्र येथूनच सुरू होतें. कोणत्या बाबतींत सारखी? मंद पण पुरेसा उजेड देते म्हणून? सगळें घर निजलें तरी जागी असते म्हणून? ती जितका वेळ तेवते तितकें तिचें तेल सरत जातें म्हणून? नातवाला पहिला अर्थ दिसेल, मुलाला दुसरा. तिसरा कदाचित् आजीच्या वृद्ध बहिणीलाच दिसेल. सुनेच्या मनांत रोज समई घांसण्याचें काम येईल, तोही अर्थच आहे. जो धर्म गाळला त्याच्या रिकाम्या जागेंत प्रत्येकानें आपापला धर्म आणून ठेवला. लोप या शब्दावरून कांहीं तरी कमी झाल्यासारखें वाटतें. प्रत्यक्षांत वाक्य लहान झालें आणि अर्थाची जागा मोठी झाली.

“पहांटे आजी देवघरांत बसली म्हणजे जणू दुसरी समईच तेवत असते.” येथें मनाचा तोल ढळूं लागला. ही समई नव्हे हें ठाऊक आहे, तरी असावी असें म्हणावेंसें वाटतें. या कलण्याला शास्त्रांत संभावना म्हणतात आणि अलंकाराला उत्प्रेक्षा. उपमा आणि उत्प्रेक्षा यांत खुणेच्या शब्दावरून भेद करणें किती निसरडें आहे याचा अनुभव दंडीला सातव्या शतकाच्या सुमारास आला होता. संस्कृतांत ‘इव’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. अंधार जणू अंगाला माखतो आहे अशा अर्थाच्या एका प्रसिद्ध श्लोकावर दंडी ‘काव्यादर्शां’त बराच वेळ थांबला आहे. ‘इव’ पाहून कोणी तेथें उपमा म्हणेल; पण माखणें ही क्रिया आहे आणि क्रियापद उपमान होत नाहीं, असा वैयाकरणांचा निर्णय पुढें करून त्यानें ती उत्प्रेक्षा ठरविली. एका शब्दासाठीं एवढा खल करणारा मनुष्य हौशी नव्हता. त्याला श्लोकांत काय घडतें आहे तें पाहावयाचें होतें.

याच पायरीवर दोन शेजारी आहेत. झोपेंतून उठलेला नातू दारांत उभा राहून “ही समई कीं आजी?” असें घुटमळला तर ससंदेह; समईच समजून आजीच्या पदराशीं ‘हात भाजेल’ म्हणून थबकला तर भ्रांतिमान्. भ्रांति नातवाची, कवीला सर्व ठाऊक असतें.

“आजी ही या घराची समई.” आतां रूपक. ‘सारखी’ गेलें, ‘जणू’ गेलें. दोन्ही नांवें शेजारीं उभीं आहेत आणि एकाचा दुसऱ्यावर आरोप झाला आहे. बोलणारा आतां साम्य दाखवीत नाहीं, पुरावा देत नाहीं. तो ठरवून टाकतो. ग्रीक परंपरेंत अरिस्टॉटलानें याच्या उलट मांडणी केली. त्याच्या मतें रूपकासारखा आरोप हा मुख्य आणि उपमा हा त्याचाच, थोड्या फरकाचा, एक प्रकार. आपल्याकडे उपमा ही मूळ आणि रूपक हें तिचें पुढचें पाऊल. कोणाचें बरोबर, हा वाद येथें नको. परंतु अंतर मोजावयाचें असेल तर जेथें तें सर्वांत स्पष्ट आहे तेथून, म्हणजे उपमेपासून, मोजणें सोईचें पडतें.

रूपक एकदां जमलें कीं तें वाढविण्याचा मोह आवरत नाहीं. तिची माया हें तेल, तिचे कष्ट ही वात, येथपर्यंत ठीक. त्यापुढें वातीवरची काजळी म्हणजे कोण, ती झाडणारा चिमटा म्हणजे कोण, असे प्रश्न निघतात आणि घरांतील एखाद्या काकांना उगाच राग येतो. सांग रूपकाचीं शाळेंत वाखाणलेलीं कित्येक उदाहरणें या चिमट्यापाशीं येऊन पडलेलीं आहेत. नवव्या शतकांत काश्मीरांत होऊन गेलेल्या आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त याविषयीं मार्मिक सूचना केली आहे. अलंकार वेळेवर घ्यावा, वेळेवर टाकावा, आणि तो शेवटपर्यंत रेटण्याचा अट्टाहास करूं नये, असें त्याचें सांगणें. अलंकारांवर लिहिणाऱ्या पुष्कळांनीं घ्यावा कसा हें सांगितलें. टाकावा केव्हां हें सांगणारे थोडे.

पुढच्या पायऱ्या झपाट्यानें ओलांडतां येतात. “ही आजी नव्हे, समई आहे,” अशी उपमेयालाच नकार देणारी अपन्हुति. “समईला तेल दुसऱ्यानें घालावें लागतें, आजीनें तें कधीं मागितलें नाहीं,” हा व्यतिरेक, तुलना करतां करतां उपमेय वरचढ ठरलें आणि समई मागें राहिली. आणि सर्व उपमानें शोधून थकल्यावर “आजीसारखी आजीच,” हा अनन्वय. लहान मुलेंही हा अलंकार रोज बोलतात आणि त्याला कांहीं नांव आहे हें त्यांना ठाऊक नसतें. अनन्वयांत भेद उरला नाहीं, म्हणून उपमाही उरली नाहीं. गार्ग्याची ‘तें नव्हे’ ही अट मोडतांच नटी रंगभूमीवरून निघून गेली.

मराठींत येतांना यांतील कित्येक नांवांनीं अर्थ बदलले, याचीही जाणीव ठेवणें बरें. संस्कृतांत यमक म्हणजे तोच अक्षरसमूह निराळ्या अर्थानें पुन्हां येणें. मराठींत चरणांच्या शेवटचीं अक्षरें जुळलीं कीं यमक, ज्याला संस्कृतांत अंत्यानुप्रास म्हटलें असतें. मोरोपंतांच्या आर्यांत दोन्ही अर्थ पुष्कळदां एकत्र नांदतात, म्हणून तेथें घोटाळा लक्षांत येत नाहीं. दृष्टांताचें तसेंच. काव्यशास्त्रांत दृष्टांत म्हणजे दोन वाक्यांतील बिंबप्रतिबिंबभाव, महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठां’त दृष्टांत म्हणजे सूत्राचा अर्थ उलगडणारी छोटी कथा, आणि घरांत कोणी “काल मला दृष्टांत झाला” म्हणालें तर देवानें स्वप्नांत येऊन कांहीं सांगितलें, असें समजावें.

इंग्रजी टीकेचा परिचय वाढला तसे या नांवांचे दिवस पालटले. रा. श्री. जोग यांनीं १९३० सालीं ‘अभिनव काव्यप्रकाशां’त जुनें शास्त्र आणि पाश्चात्य विचार एकत्र तपासले. बा. सी. मर्ढेकरांनीं १९५५ च्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथांत संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची भाषा आणली. त्यानंतरच्या टीकेंत ‘प्रतिमा’ हा शब्द इतका रूढ झाला कीं उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक हीं सर्व त्याच्या पोटांत गडप झालीं. प्रतिमा हा शब्द उपयोगी आहे. कवितेंत समई किती वेळां आली, कोणत्या वस्तूंबरोबर आली, हें त्याच्यामुळें नीट सांगतां येतें, आणि सबंध कवितेकडे पाहण्याची दृष्टि जुन्या शास्त्रापेक्षां त्यांत अधिक आहे. पण ती समई आजीपासून किती अंतरावर उभी आहे, हें प्रतिमा हा शब्द सांगत नाहीं. त्यासाठीं जुनीं नांवें अजूनही काढावीं लागतात.

शेवटची भूमिका उरली, ती अतिशयोक्तीची. मराठी शाळेंत अतिशयोक्ति म्हणजे फुगवून सांगणें; चार थेंबांचा पूर करणें. मम्मटानें तिचा जो पहिला प्रकार दिला आहे तो निराळा आहे. त्यांत उपमान उपमेयाला गिळून टाकतें. उपमेयाचा उच्चारच होत नाहीं. हा प्रकार ग्रंथांपेक्षां घरांत अधिक ओळखीचा आहे. गांवीं राहणाऱ्या काकांनीं शहरांतील पुतण्याला पोस्टकार्ड पाठविलें आहे. खुशालीच्या दोन ओळींऐवजीं त्यावर एकच वाक्य आहे: “आपल्या घरची समई काल पहांटे शांत झाली.”

या वाक्यांत ‘सारखी’ नाहीं, ‘जणू’ नाहीं, ‘नव्हे’ नाहीं, आजीही नाहीं. खुणेच्या शब्दांवर वाढलेला मुलगा येथें अलंकारच नाहीं असें लिहून मोकळा होईल. पुतण्याला मात्र कार्ड दुसऱ्यांदा वाचावें लागत नाहीं. असें कां होतें याचें उत्तर मम्मटानें लक्षणेच्या तीन अटींत दिलें आहे. पहिली, मूळ अर्थाला बाध: समई रोजच शांत होते, त्यासाठीं कोणी पत्र लिहीत नाहीं. दुसरी, मूळ अर्थाशीं संबंध: या घरांत आजीला समई म्हणण्याची वर्षांची संवय आहे. तिसरी, रूढि किंवा प्रयोजन: जें काकांना सरळ लिहवेना तें असें लिहवलें. दुसरी अट विशेष महत्त्वाची आहे. हेंच कार्ड चुकून शेजारच्या बिऱ्हाडीं पडतें तर त्यांना एका दिव्याची बातमी कळली असती आणि काकांच्या डोक्याविषयीं शंका आली असती. उपमेय गिळतां येतें तें, आधीं पुष्कळ वर्षें तें उच्चारलेलें असलें तरच. नातवाची लुप्तोपमा, पहांटेची उत्प्रेक्षा, सणावारीं केलेलें रूपक, हें सर्व त्या एका ओळीच्या पाठीशीं उभें आहे.

शिवाय ‘शांत’ हा शब्द. मराठी घरांत दिवा विझला म्हणत नाहींत. बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणतात, तसा दिवा शांत झाला असेंच म्हणतात. माणसाविषयींही तेच शब्द येतात. समई शांत होते, आजीही शांत होते. एका शब्दानें दोन्ही अर्थ पेलले, म्हणून या अतिशयोक्तीला श्लेषाचा टेंकू मिळाला आहे. आणि पहिल्या वाक्यांत, आजी समईसारखी शांत आहे असें कोणी तरी सहज म्हणालें होतें तेव्हां, साधारण धर्म म्हणून हाच शब्द घेतला होता.